चूक माझी: कबुलीपासून भरपाईपर्यंत

‘प्रभू, मी पापी आहे, मला क्षमा कर’ ही प्रार्थना म्हणायला दहा सेकंदही लागत नाहीत, आणि ती खोटीही नसते. अडचण एवढीच की तिच्यात एकही चूक सापडत नाही. काल कोणाशी खोटे बोललो, कोणाचे पैसे अडकवून ठेवले, चारचौघांत कोणाचा पाणउतारा केला, यातले काहीच तिच्यात येत नाही. अशी घाऊक कबुली हा लपायला फार सोयीचा आडोसा आहे, आणि लहानपणापासून मंडळीत (चर्चमध्ये) वाढलेल्यांना तो सर्वांत आधी सापडतो. जबाबदारी घ्यायची म्हणजे चूक नावानिशी सांगायची, ज्याच्याविरुद्ध ती केली त्याच्यापर्यंत ती न्यायची आणि देणे लागतो ते चुकते करायचे. हे कसे करायचे ते पुढे क्रमाने दिले आहे.

आधी स्वतःच्या सबबी ओळखा

बायबलमधली पहिली सबब पहिल्या चुकीच्या पाठोपाठ येते. उत्पत्ति 3:12 मध्ये आदाम एका वाक्यात दोघांना गुंतवतो: स्त्रीने फळ दिले, आणि ती स्त्री तर देवा, तूच दिलेली. हव्वा सापाकडे बोट दाखवते. निर्गमाच्या 32व्या अध्यायात सोन्याच्या वासराच्या मूर्तीबद्दल अहरोन आपल्या भावाला, मोशेला, सांगतो की लोकांनी सोने दिले, मी ते अग्नीत टाकले आणि त्यातून हे वासरू निघाले. वीस वचने मागे जाऊन पाहिले तर त्याने ते कोरणीने घडवल्याचे स्वच्छ लिहिले आहे. येशूचा न्याय करणारा रोमी सुभेदार पिलात पाणी मागवतो, हात धुतो आणि शिक्षेचा निर्णय मात्र तसाच ठेवतो.

आपल्या सबबी याच घराण्यातल्या असतात. ‘सैतानाने करवून घेतले’ ही त्यातली सर्वांत धार्मिक दिसणारी. मोह बाहेरून येतो हे खरे, पण याकोब 1:14 सांगतो की माणूस ओढला जातो तो स्वतःच्या वासनेने. प्रार्थनेत सैतानाला धमकावण्यात जितका वेळ जातो त्याच्या निम्मा वेळ जरी ‘मला हे का हवे होते’ या प्रश्नाला दिला, तर हाती काहीतरी लागते.

‘आमच्या घराण्यातच राग आहे’ किंवा ‘हा पिढीजात शाप आहे’ ही दुसरी. इथे नीट थांबायला हवे, कारण ही सबब वचनाचा आधार घेऊन येते. निर्गम 20:5 मध्ये वडिलांच्या अन्यायाचा परिणाम तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत पोहोचतो असे म्हटले आहेच. दारुड्याच्या घरात वाढलेल्या मुलाला ते वेगळे सांगावे लागत नाही. पण परिणाम पोहोचणे वेगळे आणि दोष पोहोचणे वेगळे. ‘बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि मुलांचे दात आंबले’ ही म्हण बंदिवासातले इस्राएली लोक हीच सबब म्हणून वापरू लागले, तेव्हा यहेज्केलाच्या 18व्या अध्यायात देवाने ती म्हणच मोडीत काढली: जो पाप करील तोच त्याची शिक्षा भोगील. रागीटपणा वडिलांकडून आला असेल, पण काल मुलावर उगारलेला हात तुमचा होता. वडिलांना क्षमा करणे हे एक काम आणि मुलाची क्षमा मागणे हे दुसरे. पहिले केले म्हणून दुसरे होत नाही.

सबबींचा सगळा अभ्यासक्रम एकाच ठिकाणी पाहायचा असेल तर 1 शमुवेल 15 वाचा. शत्रूची गुरेमेंढरेही मारून टाकायची देवाची आज्ञा असते. शौल राजा आधी म्हणतो, मी आज्ञा पाळली. मेंढरांचे ओरडणे ऐकू येते तेव्हा म्हणतो, ती लोकांनी ठेवली. मग म्हणतो, ठेवली तीही यज्ञासाठीच, म्हणजे हेतू चांगला. शेवटी ‘मी पाप केले’ म्हणतो, पण लगेच जोडतो की लोकांची भीती वाटली. आणि 30व्या वचनात मनातले बाहेर येते: माझ्या लोकांच्या वडील जनांपुढे माझा मान राख. कबुली खरी आहे की नाही हे तपासायला याहून चांगली कसोटी नाही. कबूल करताना तुम्हाला सर्वांत जास्त काळजी कशाची आहे, ज्याचे नुकसान झाले त्याची की तुमच्या नावाची? दावीदाचा अपराध शौलापेक्षा लहान नव्हता. व्यभिचार आणि खून दोन्ही होते. पण नाथान संदेष्ट्याने तोंडावर सांगितल्यावर तो एवढेच म्हणाला, ‘मी परमेश्वराविरुद्ध पाप केले आहे’ (2 शमुवेल 12:13). पुढे काही जोडले नाही.

वही घेऊन बसा

मनातल्या मनात केलेली आत्मपरीक्षा एक तर वाहवत जाते किंवा गुळगुळीत होते. म्हणून लिहा. अर्धा तास पुरतो. सुरुवातीला स्तोत्र 139 मधली शेवटची दोन वचने (‘हे देवा, माझे मन जाण’) प्रार्थना म्हणून वाचा आणि सगळे आयुष्य काढून न बसता एकच घटना घ्या. तिच्याबद्दल चार गोष्टी लिहायच्या: प्रत्यक्ष काय घडले, त्यात मी काय केले किंवा करायचे टाळले, कोणाचे काय नुकसान झाले, आणि आता मी काय देणे लागतो.

पहिल्या भागात विशेषणे नकोत. कॅमेऱ्यात जे दिसले असते तेवढेच. दुसऱ्या भागात प्रत्येक वाक्याचा कर्ता ‘मी’ हवा. आपली भाषा इथे पळवाटा भरपूर पुरवते: ‘माझ्याकडून बोलले गेले’, ‘हात उचलला गेला’, ‘राहून गेले’. त्या खोडून ‘मी बोललो’, ‘मी मारले’, ‘मी केले नाही’ असे लिहा. मग चुकीला तिचे खरे नाव द्या. ‘थोडे वाढवून सांगितले’ म्हणजे खोटे बोललो. ‘तात्पुरते वापरले’ म्हणजे दुसऱ्याचे पैसे न विचारता घेतले. ‘प्रार्थनेसाठी विषय सांगितला’ म्हणजे पुष्कळदा चहाडी केली. वाक्य वाचताना पोटात गोळा आला नाही, तर बहुधा ते अजून सौम्य आहे.

न केलेल्या गोष्टी विसरू नका. चांगले काय ते कळूनही न करणे हे पाप आहे, असे याकोब 4:17 सरळ सांगतो. आणि मत्तयाच्या 25व्या अध्यायातल्या न्यायाच्या चित्रात डाव्या बाजूच्यांवरचे सगळे आरोप न केलेल्या गोष्टींचेच आहेत: अन्न दिले नाही, पाहुणचार केला नाही, भेटायला आला नाहीत. या चुका आठवत नाहीत, कारण त्यांची घटनाच घडलेली नसते. त्यासाठी ‘या आठवड्यात मी कोणाला टाळले?’ हा प्रश्न चालतो.

भांडणात दोघांचेही चुकलेले असेल तर टक्केवारी काढत बसू नका. तुमचा वाटा पाचातला एक असो, तो एक पूर्ण लिहा आणि उरलेल्या चारांबद्दल या पानावर एक शब्दही नको. कुसळ आणि मुसळाचा दृष्टांत (मत्तय 7:3-5) सगळ्यांना पाठ असतो, पण त्याचा शेवट सहसा सुटतो. येशू दुसऱ्याचे कुसळ काढू नका म्हणत नाही. आधी आपले मुसळ काढा, म्हणजे कुसळ काढायला नीट दिसेल, असे म्हणतो. समोरच्याची चूक दाखवायचीच असेल तर ती वेगळ्या दिवशी, वेगळ्या बोलण्यात. एकाच बैठकीत दोन्ही आणले की कबुलीचा सौदा होतो.

एकच दोष वारंवार डोके वर काढत असेल तर इग्नेशियस लोयोला (1491–1556) याने सांगितलेली विशेष आत्मपरीक्षा करून पाहा. सकाळी उठताना त्या एका दोषाचे नाव घेऊन सावध राहण्याचा निश्चय करायचा. दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर मागचे तास नजरेखालून घालायचे आणि जितक्या वेळा घसरलो तितके ठिपके वहीत मांडायचे. रोजच्या दोन ओळी, आठवड्याच्या चौदा. मग दुपारची ओळ रात्रीच्या ओळीशी, आजची कालच्याशी आणि हा आठवडा मागच्या आठवड्याशी ताडून बघायचा. ठिपके कोणत्या वेळी दाटतात हे दिसले की निम्मे निदान झाले. दोन दोष एकदम घेऊ नका, दोन्ही हिशेब बिघडतात.

जे तुमचे नाही ते अंगावर घेऊ नका

ख्रिस्ती वर्तुळात नम्रतेच्या नावाखाली ही चूक पुष्कळ होते. मारहाण, लैंगिक अत्याचार किंवा सततचा छळ सोसणाऱ्या व्यक्तीला ‘तुझेही काही चुकले असेल, ते कबूल कर’ असे सांगणे म्हणजे अत्याचार करणाऱ्याचे ओझे तिच्या डोक्यावर देणे. गलती 6:5 प्रमाणे प्रत्येकाने आपला भार वाहायचा आहे, दुसऱ्याचा अपराध नव्हे. अशा ठिकाणी पहिली गरज सुरक्षिततेची असते.

आजारपण, मूल न होणे, नोकरी जाणे यांमागे आपले कोणते पाप आहे हे खणत बसणेही याच प्रकारातले. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी हाच प्रश्न विचारला, तेव्हा येशूने ‘याने किंवा याच्या आईबापांनी पाप केले असे नाही’ असे उत्तर दिले (योहान 9:3). निर्दोष असूनही संकटे कोसळलेल्या ईयोबाचे मित्र पानेच्या पाने हाच मुद्दा रेटतात आणि शेवटी देवाचा राग ओढवून घेतात.

तिसरा प्रकार म्हणजे आधी कबूल करून क्षमा मिळालेले पाप पुन्हापुन्हा कबूल करत राहणे, मनात नकळत चमकून गेलेल्या विचारालाही गुन्हा मानणे, कबुली बरोबर झाली की नाही या शंकेने झोप उडणे. यावर जास्त काटेकोर परीक्षा हा उपाय नाही, त्याने ते वाढते. हे एखाद्या समंजस पाळकाला किंवा धर्मगुरूला सांगा, आणि त्रास रोजच्या कामाच्या आड येत असेल तर मानसोपचारतज्ज्ञालाही.

देवापुढे

वहीतले पान समोर ठेवून तेच शब्द मोठ्याने म्हणा. देवाला ते आधीच माहीत असते. मग बोलायचे कशाला? स्तोत्र 32 मध्ये याचे उत्तर आहे. गप्प राहिलो तेव्हा हाडे झिजत गेली, असे तिथे कवी म्हणतो, आणि कबूल करताच क्षमा मिळाली. 1 योहान 1:9 ची अट कबुलीची आहे आणि तिथले वचन क्षमेचे आहे. दोन्ही एकत्र वाचावीत. क्षमेची खात्री नसलेला माणूस सबबी सोडूच शकत नाही, कारण त्याच्याकडे दुसरा बचाव नसतो. ज्याचा बचाव ख्रिस्ताने हाती घेतला आहे त्याला स्वतःच्या वकिलीची गरज उरत नाही. म्हणून प्रार्थनेचा शेवट ‘मी नालायक आहे’ इथे न करता क्षमेबद्दल आभार मानून करा.

रीत परंपरेनुसार वेगळी असते. कॅथलिक पंथात पश्चात्ताप, धर्मगुरूपुढे पापनिवेदन आणि प्रायश्चित्त असा क्रम आहे. गंभीर पापे प्रकार आणि संख्येसह सांगायची असतात, आणि ऐकलेले कोणालाही सांगण्याची धर्मगुरूला मुभा नसते. ऑर्थोडॉक्स परंपरेत कबुली ख्रिस्तापुढे असते आणि धर्मगुरू तिचा साक्षी असतो. बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत उपासनेत सर्वांनी मिळून कबुली देतात. पण याकोब 5:16 मधले ‘एकमेकांजवळ आपली पापे कबूल करा’ हे त्यांनाही लागू आहे, आणि माझ्या मते त्यांच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्षिलेली आज्ञा हीच.

‘तुझ्याविरुद्ध, केवळ तुझ्याविरुद्ध मी पाप केले आहे’ या स्तोत्र 51:4 चा आधार घेऊन माणसाची क्षमा मागणे टाळले जाते. ते बरोबर नाही. हे स्तोत्र दावीदाचे आहे, आणि ज्याच्या बायकोशी त्याने व्यभिचार केला व ज्याला त्याने मारवले तो उरीया तोपर्यंत मेलेला होता. क्षमा मागायला तो उरलाच नव्हता. तुमचा उरीया जिवंत असेल तर त्याच्या दारी जावे लागेल.

माणसापुढे

मत्तय 5:23-24 चा क्रम लक्षात घ्या. वेदीजवळ अर्पण घेऊन उभा असताना आठवले की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेवायचे, आधी समेट, मग अर्पण. भक्ती पूर्ण करून मग सवडीने जाऊ, असे तिथे नाही.

शक्यतो समोरासमोर भेटा. ते जमत नसेल तर फोन करा. लेखी संदेश हा शेवटचा पर्याय, मात्र समोरच्याला तुमची भीती वाटत असेल तर पत्रच बरे. वेळ त्याच्या सोयीची असू द्या. बोलणे दोन-तीन मिनिटांत संपावे. त्यात चार गोष्टी पुरतात: मी काय केले, त्याने तुमचे काय झाले, त्याची भरपाई मी कशी करणार आहे, आणि मला क्षमा करावी अशी विनंती. उदाहरणार्थ: ‘त्या बैठकीत तो अहवाल मी एकट्याने केला असे मी सांगितले. ते खोटे होते. निम्मे काम तुमचे होते आणि त्याचे श्रेय तुम्हाला मिळाले नाही. उद्या सगळ्यांना पत्र पाठवून मी हे दुरुस्त करतो आहे. मला क्षमा करा.’ यात ‘तेव्हा खूप ताण होता’ नाही. ताण असेलही; पण तुम्ही स्वतःहून सांगितलात की ती सबब होते, समोरच्याने विचारल्यावर सांगितलात तर माहिती.

टाळायची वाक्ये: ‘तुला वाईट वाटले असेल तर सॉरी’, ‘काही चुकले असेल तर माफ कर’, ‘झाले गेले विसरून जाऊ’. पहिल्या दोन्हींत चुकीच्या जागी ‘असेल तर’ आहे, आणि तिसरे म्हणण्याचा हक्क ज्याचे नुकसान झाले त्याचा.

क्षमा लगेच मिळाली नाही तर मागे लागू नका. ‘ख्रिस्ती माणसाने क्षमा केलीच पाहिजे’ असे तुम्ही, म्हणजे अपराध करणाऱ्याने, ऐकवणे ही नवी चूक आहे.

कबुलीचे वर्तुळ नुकसानीच्या वर्तुळाएवढे ठेवा. चारचौघांत अपमान केला तर क्षमाही त्या चारचौघांत. एकट्याशी खोटे बोललात तर त्या एकट्यापाशी. कोणाबद्दल मनात वाईट आले आणि त्या व्यक्तीला त्याचा पत्ताही नाही, तर ते तिला जाऊन सांगू नका. तुमचे मन हलके होईल आणि तिचे जड. ते देवापाशी आणि गरज असेल तर आध्यात्मिक मार्गदर्शकापाशी. तिसऱ्याचे गुपित उघडे पडणार असेल तेव्हाही आधी मार्गदर्शकाशी बोला.

भरपाई

‘सॉरी’ म्हणून झाल्यावर बहुतेक लोक थांबतात, आणि इथूनच खरे काम सुरू होते. मोशेच्या नियमशास्त्राला याचे आकडे माहीत होते. लेवीय 6:1-7 आणि गणना 5:6-7 यांनुसार फसवून घेतलेले, लुबाडलेले किंवा दुसऱ्याचे हरवलेले सापडूनही नाकारलेले परत करताना मूळ रक्कम आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यायचा. म्हणजे 100 चे नुकसान केले असेल तर 120. मेंढरू चोरून मारले किंवा विकले असेल तर एकास चार, बैल असेल तर पाच, आणि चोरलेला पशू जिवंत हाती सापडला तर दुप्पट (निर्गम 22:1-4). जक्कय नावाच्या जकातदाराने येशूपुढे उभे राहून चौपट परत करायचे म्हटले आणि वर निम्मी मालमत्ता गरिबांना देऊ केली, तेव्हा त्याने मेंढरू चोरणाऱ्याचा कठोर दर निवडला होता (लूक 19:8). ख्रिस्ती माणूस या दरांनी बांधलेला नाही, पण ‘जमेल तसे बघू’ याला भरपाई म्हणत नाहीत एवढे त्यातून कळते. कॅथलिक शिकवणीतही पापक्षमेने भरपाईची जबाबदारी सुटत नाही. चोरलेले परत करायचेच असते.

एकदम देणे शक्य नसेल तर हप्ते ठरवा, तारखा लिहून द्या आणि पहिला हप्ता त्याच दिवशी द्या. ज्याचे देणे आहे तो मेला असेल तर वारसांना द्या. घेणारा नातलगही नसेल तर ते परमेश्वराला द्यावे, असे गणना 5:8 सांगते. आज ते गरजूंसाठी देता येईल. पण मूळ माणूस हयात असताना त्याला टाळून दानपेटीत टाकलेले पैसे भरपाई ठरत नाहीत.

पैशांत न मोजता येणारे नुकसान अवघड असते. कोणाची बदनामी केली असेल तर ज्यांना ज्यांना सांगितले त्यांची यादी करा आणि एकेकाला ‘मी सांगितलेले खोटे होते’ असे कळवा. सगळे परत गोळा होणार नाही, पण यादीतली नावे तरी संपवता येतात. मोडलेला विश्वास मागून मिळत नाही. वेळेवर येणे, हिशेब उघडा ठेवणे, विचारल्यावर न चिडणे याने तो सावकाश येतो.

परिणाम टळतील अशी अपेक्षा ठेवू नका. दावीदाला त्याच श्वासात क्षमाही सांगितली गेली आणि परिणामही. पद सोडावे लागणे, पैशांचा व्यवहार हातातून काढला जाणे, याला क्षमा न मिळाल्याची खूण समजू नका. चूक कायद्याने गुन्हा असेल तर आधी वकिलाचा सल्ला घ्या, पण खोटे बोलण्यासाठी नव्हे. आणि लहान मुलाला इजा झाली असेल तर ते मंडळीच्या आत मिटवण्याचा प्रश्नच येत नाही, कायद्याकडेच जायचे.

पायऱ्या बरोबर, तरी चुकते

येशूला धरून देणाऱ्या यहूदा इस्कर्योत या शिष्याने वरवर पाहता सगळे केले. चांदीची तीस नाणी परत केली, ‘निर्दोष रक्ताला धरून देऊन मी पाप केले’ अशी नेमकी कबुलीही दिली. पण ती ज्यांच्यापुढे दिली त्यांचे उत्तर होते, ‘त्याचे आम्हाला काय? तुझे तू पाहा’ (मत्तय 27:3-5). ज्याला धरून दिले त्याच्याकडे तो गेला नाही. पेत्र या शिष्यानेही येशूला तीनदा नाकारले आणि मोठ्या दुःखाने रडला, पण तो शिष्यांत राहिला. समुद्रकिनारी येशूने त्याला ‘माझ्यावर प्रेम करतोस का’ असे तीनदा विचारले आणि तीनदा काम सोपवले (योहान 21:15-17). 2 करिंथ 7:10 मधला ईश्वरप्रेरित दुःख आणि ऐहिक दुःख हा फरक या दोघांत दिसतो. दुःख तुम्हाला देवाकडे आणि दुखावलेल्या माणसाकडे ढकलत असेल तर ते कामाचे. एकटे पाडत असेल, स्वतःला शिक्षा देण्याकडे नेत असेल तर तो पश्चात्ताप नव्हे. जगणे नकोसे वाटू लागले तर एकटे राहू नका. त्याच दिवशी जवळच्या माणसाला आणि डॉक्टरांना सांगा.

पुन्हा तीच चूक झाली तर

होईल, असे धरून चाला आणि तयारी आधीच ठेवा. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला लोकांनी ‘आम्ही काय करावे?’ असे विचारले, तेव्हा त्याने प्रत्येकाला धंद्याप्रमाणे वेगळे सांगितले: जकातदाराने ठरल्याहून जास्त घेऊ नये, शिपायाने दमदाटी करून पैसे उकळू नयेत, दोन अंगरखे असलेल्याने एक द्यावा (लूक 3:10-14). तुमचा निश्चयही असाच बारीक हवा. ‘रागावर ताबा ठेवीन’ याने काही होत नाही. ‘आवाज चढला की खोलीबाहेर जाईन आणि दहा मिनिटांनी परत येऊन बोलेन’ हे पाळता येते, आणि मोडले तर मोडले हे कळते. पैशांची चूक असेल तर दुसरी सही लागेल अशी व्यवस्था करा. फोनवर घसरत असाल तर रात्री तो झोपायच्या खोलीबाहेर.

एक माणूस निवडा, जो तुमच्यावर अवलंबून नाही आणि तुम्हाला घाबरतही नाही. जोडीदारावर पहारेकऱ्याचे काम टाकू नका. आठवड्यातून एकदा वीस मिनिटे, तीन ठरलेले प्रश्न: कुठे घसरलास, कोणापासून लपवलेस, कोणाचे देणे राहिले? त्याने उपदेश न करता ऐकावे, एवढे आधीच ठरवा.

आणि त्याच माणसाकडे दुसऱ्यांदा क्षमा मागायला जाल तेव्हा पहिल्या वेळेचे शब्द जसेच्या तसे वापरू नका. ‘हे मी दुसऱ्यांदा केले आहे, आणि मागच्या वेळी दिलेला शब्द मोडला आहे’ हे वाक्य सर्वांत आधी यायला हवे. दिवसातून सात वेळा परत येणाऱ्याला क्षमा करण्याची लूक 17:4 मधली आज्ञा त्याच्यासाठी आहे. तुमच्या बाजूने, या वेळी कोणती नवी आडकाठी घातली आहे ते सांगा आणि ती मोडली का हे तपासायचा हक्क त्याला द्या.